करणी आणि करणीय

 

परित्राण पाठ झाला की भन्तेजी मनगटाला पांढरा धागा बांधतात. गावाकडचा देवऋषी काळा दोरा देतो. दोन्हीकडे काहीतरी म्हटले जाते, दोन्हीकडे पाणी शिंपडले जाते आणि दोन्हीकडे आईवडील हात जोडून बसलेले असतात. मग फरक काय? परदेशात वाढलेली आपली मुले धम्मवर्गात हे विचारतात, आणि बहुतेक वेळा त्यांना "असे बोलू नये" एवढेच उत्तर मिळते. प्रश्न रास्त आहे. त्याचे नीट उत्तर आपल्यालाच ठाऊक नसेल तर आपण मुलांना काय देणार? म्हणून या वेळच्या अभ्यासपाठात मंत्र-तंत्र, करणी आणि ती उतरवणारे यांच्याविषयी तथागतांनी काय सांगितले ते पाहू.

आधी ही माणसे कोण ते बघू. पश्चिम महाराष्ट्रात देवऋषी, ठाणे-रायगडाकडे भगत, सिंधुदुर्ग-गोव्यात घाडी, आणि मांत्रिक तर सगळीकडे. त्यांच्याकडे दोन प्रकारची कामे येतात. एक नाश करण्याचे : करणी, मूठ मारणे, चेटूक, मराठवाड्यात भानामती. दुसरे राखण करण्याचे : ताईत, गंडादोरा, अंगारा, उतारा, दृष्ट काढणे. आपण समजतो की पहिले काम करणारा दुष्ट आणि दुसरे करणारा उपकारी. जरा विचार करा. करणी करणारा माणूस तुम्ही कधी पाहिला आहे का? त्याला सहसा कोणीच पाहिलेले नसते. करणी झाली आहे हे सांगतो उतरवणारा, कोणी केली याचा इशारा देतो उतरवणारा, आणि पैसे घेतो तोही उतरवणाराच. नाशाच्या विद्येचा एकुलता एक साक्षीदार राखणीची विद्या विकणारा असतो. राखणदाराचे दुकान चोराच्या भीतीवर चालते, तसे हे आहे. फक्त इथे चोर कोण हेही राखणदारच ठरवतो.

आपल्या समाजाचा या विषयाशी जुना आणि कडू संबंध आहे. गावात पटकी किंवा देवी आली की मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेण्याचे काम महार-मांगांकडे असे. रोगराई, मेलेली जनावरे, स्मशान, वेस, म्हणजे गावाला ज्याची भीती ते सगळे आपल्या वाड्यांवर ढकललेले. आणि मग त्याच गावाने "त्यांना जादू येते" म्हणून आपल्याच माणसांकडे बोट दाखवायचे. म्हणजे आपण या भीतीचे गिऱ्हाईकही होतो आणि आरोपीही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा झाली आणि त्यानंतर गावोगावी लोकांनी देव्हाऱ्यातले टाक उचलून नदीत सोडले. ते धैर्य आज बसल्या जागी कळणार नाही. ज्या देवीच्या कोपाने पोर दगावते असे पिढ्यान्‌पिढ्या ऐकले, तिला पाण्यात सोडून घरी येऊन शांत झोपायचे! बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अधम्म म्हणजे काय हे सांगताना पहिलेच प्रकरण दैवी चमत्कारावरील विश्वासाला दिले आहे. असा विश्वास अंधश्रद्धेला जन्म देतो आणि माणसाची शोध घेण्याची वृत्ती मारून टाकतो, हे त्यांचे म्हणणे. बावीस प्रतिज्ञांत 'करणी' हा शब्द आलेला नाही, पण ज्याने कार्यकारणभाव स्वीकारला त्याच्या घरात करणीला बसायला जागा उरत नाही.

आता तथागतांकडे वळू. दीघनिकायातले पहिलेच सुत्त ब्रह्मजालसुत्त. त्यात, आणि पुढच्या सामञ्ञफलसुत्तातही, भिक्खूने कोणत्या मार्गाने पोट भरू नये याची लांबलचक यादी आहे. तिला महासील म्हणतात. या विद्यांना तिथे 'तिरच्छानविज्जा' असे नाव आहे. तिरच्छान म्हणजे आडवे चालणारे प्राणी, पशू. यादी वाचताना आपण अडीच हजार वर्षांपूर्वीचे काही वाचतो आहोत असे वाटतच नाही. अंगावरच्या खुणा पाहून भविष्य सांगणे, स्वप्नांचा अर्थ सांगणे, उंदराने कुरतडलेल्या कापडावरून शकुन काढणे, होम करणे, रक्ताची आहुती देणे, जागेची शुभाशुभता पाहणे (म्हणजे आजचे वास्तुशास्त्र!), भूतविद्या, सर्पविद्या, विषविद्या, लग्नाचे मुहूर्त काढणे, मंत्राने कोणाचे भाग्य उजळणे, कोणाचे भाग्य बुडवणे, कोणाची जीभ बांधून टाकणे. नीट पाहा, या यादीत भाग्य उजळणारा मंत्र आणि भाग्य बुडवणारा मंत्र शेजारी शेजारी आहेत. एक चांगला, एक वाईट असे तथागत म्हणत नाहीत. दोन्ही मिथ्या आजीविका. सुत्तनिपातातल्या तुवटकसुत्तात तर अथर्वणी मंत्रप्रयोगांचे नाव घेऊन भिक्खूला त्यापासून दूर राहायला सांगितले आहे.

"पण भन्ते, खरेच चमत्कार दाखवला तर लोक धम्माकडे वळतील की!" ही शंकाही त्या काळीच कोणीतरी घेतली होती. नालंदेला पावारिकाच्या आंबराईत केवट्ट नावाच्या गृहस्थाने तथागतांना तीन वेळा विनवले की एखाद्या भिक्खूला चमत्कार करायला सांगा. तथागतांचे उत्तर मोठे व्यवहारी आहे. श्रद्धाळू माणूस भारावेल, पण ज्याची श्रद्धा नाही तो म्हणेल की यात काय, हा गांधारी नावाच्या मंत्राचा खेळ आहे. मनातले ओळखून दाखवले तर म्हणेल, हा मणिका मंत्र. म्हणजे चमत्काराने काहीच सिद्ध होत नाही. अशा प्रदर्शनाची आपल्याला लाज वाटते, असे ते स्पष्ट सांगतात. त्यांच्या लेखी एकच प्रातिहार्य खरे, ते म्हणजे अनुशासन, शिकवण. राजगृहाच्या सेठने बांबूवर टांगलेले चंदनाचे पात्र पिण्डोल भारद्वाजाने हवेतून जाऊन आणले, तेव्हा त्याची वाहवा झाली नाही, कानउघाडणी झाली. पात्राचा भुगा करून भिक्खूंना अंजनात मिसळायला वाटून देण्यात आला.

एका सुत्ताची मात्र मुद्दाम ओळख करून देतो, कारण ते आपल्या वर्गांत फारसे वाचले जात नाही. संयुत्तनिकायातले सीवकसुत्त. मोळियसीवक नावाचा परिव्राजक विचारतो, माणसाला जे सुखदुःख होते ते सगळे पूर्वकर्माने होते, असे काही जण म्हणतात, ते खरे का? तथागत आठ कारणे मोजतात. पित्त, कफ, वात, या तिघांचा एकत्र बिघाड, ऋतू बदलणे, स्वतःची नीट काळजी न घेणे, बाहेरून झालेला आघात, आणि आठवे कर्मविपाक. सगळे काही पूर्वकर्मानेच होते म्हणणारे आपल्या अनुभवाच्या आणि जगाच्या माहितीच्या पलीकडे जातात, असेही ते म्हणतात. आठ कारणांच्या या यादीत करणी नाही. मूठ नाही. कोणाची नजर नाही. त्या काळी मंत्रविद्या माहीत नव्हती असे नाही, महासीलाची यादी आपण नुकतीच पाहिली. माहीत असूनही दुखण्याच्या कारणांत तिला घेतले नाही.

मग परित्राण कशाला? विनयपिटकात भिक्खुणींसाठी नियम आहे की तिरच्छानविज्जा शिकू नये आणि शिकवू नये. त्याच नियमाला काही अपवाद आहेत. लिहायला शिकणे हा एक, आणि राखणीसाठी परित्त शिकणे हा दुसरा. म्हणजे संघाने सुरुवातीपासूनच परित्त हे मंत्र-तंत्राच्या खात्यात टाकलेले नाही. का, ते खन्धपरित्तात दिसते.

श्रावस्तीला एक भिक्खू सापाच्या दंशाने मरण पावला. तथागत म्हणाले, त्याने सापांच्या चार कुळांवर मैत्री पसरवली नसावी. मग त्यांनी जे म्हणायला सांगितले त्यात त्या चार कुळांची नावे घेऊन त्यांच्याशी माझी मैत्री असो असे आहे. पुढे बिनपायांचे, दोन पायांचे, चार पायांचे, अनेक पायांचे असे करत सगळे जीव येतात. शेवटी एवढेच, की त्यांनी आपल्या वाटेने बाजूला जावे. देवऋषी असता तर काय केले असते? सापाला बांधले असते, विष उलटवले असते, ज्याने साप 'सोडला' त्याच्यावर परत सोडला असता. करणी उतरवणे म्हणजे ती करणाऱ्यावर उलटवणे, हे त्या विद्येचे गृहीत असते. म्हणून राखणीच्या नावाने सुरू झालेला विधी शेवटी कोणाच्या तरी नाशापाशी येतो. परित्तात शत्रूच नाही. ज्याची भीती वाटते त्याच्याशीच मैत्री करायची आहे.

करणीयमेत्तसुत्ताची अट्ठकथेतली पार्श्वभूमीही अशीच आहे. अरण्यात ध्यानाला बसलेल्या भिक्खूंना वृक्षदेवता भिववू लागल्या, तेव्हा ते तथागतांकडे परत आले. तथागतांनी त्यांना दुसरे अरण्य दिले नाही, देवतांना हुसकावणारा मंत्रही दिला नाही. मेत्तसुत्त देऊन त्याच अरण्यात परत पाठवले. वृक्षदेवता खऱ्या मानायच्या की मनातल्या भीतीचे रूप, यावर वाद घालायची गरज नाही. दोन्ही बाबतीत उपाय एकच निघतो. शब्दही पाहा. 'करणी' आणि 'करणीय' दोन्ही 'कर' याच धातूचे. करणी म्हणजे कोणीतरी आपल्यावर केलेले. करणीय म्हणजे आपण स्वतः करायचे.

अंगुलिमालाच्या परित्ताचा उल्लेख इथे हवाच. अडलेल्या बाळंतिणीसाठी त्याला सत्यवचन बोलायला सांगितले होते. जन्मल्यापासून मी जाणूनबुजून जीव घेतला नाही, असे म्हण, असे तथागत म्हणाले. तो म्हणाला, हे तर खोटे होईल. मग वाक्य बदलले : आर्य जन्म घेतल्यापासून, म्हणजे धम्मात आल्यापासून. मंत्रात एक अक्षर चुकले तर फळ जाते म्हणतात. इथे अक्षरे बदलली, कारण खरे असणे महत्त्वाचे होते.

परित्ताने सगळे बरे होते असा दावाही परंपरेने केलेला नाही. मिलिंद राजाने नागसेनांना हेच विचारले, की मरण टळत नसेल तर परित्त कशाला? नागसेन औषधाचे उदाहरण देतात. आयुष्य संपलेल्याला औषध चालत नाही, म्हणून औषध निरुपयोगी ठरत नाही. आणि परित्त कर्माच्या, क्लेशांच्या किंवा अश्रद्धेच्या अडथळ्यामुळे लागू न पडू शकते, हेही ते मान्य करतात. स्वतः तथागत आजारी असताना चुन्दाने बोज्झंगांचे पठण केले, तसेच दुसऱ्या एका आजारपणात जीवकाने कमळाच्या फुलांतून रेचक दिले आणि तथागतांनी ते घेतले. वैद्याला दारातून परत पाठवणारे परित्त त्रिपिटकात नाही.

प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. आटानाटियसुत्ताचा सूर वेगळा आहे. तिथे न ऐकणाऱ्या यक्षांना शिक्षेची भाषा आहे, आणि ते सुत्त मुळात वेस्सवण या यक्षराजाच्या तोंडी आहे. मांत्रिकाच्या भाषेच्या सर्वांत जवळ जाणारे परित्त ते हेच. आपल्या वंदनेच्या पुस्तिकांत महामंगल, रतन आणि करणीयमेत्त यांना जे स्थान मिळाले ते मला योग्य वाटते.

बौद्ध देशांत मंत्र-तंत्र नाही असा समज करून घेऊ नका. श्रीलंकेत करणीला 'हूनियम' म्हणतात आणि ती काढायला मंत्र म्हणत लिंबे कापतात, अगदी आपल्याकडच्यासारखी! ते काम भिक्खूंचे नाही, 'कट्टाडिया'चे. थायलंडमध्ये अंगावर गोंदवलेली यंत्रे आणि ताईत यांचा बाजार मोठा आहे. तिबेटच्या मिलारेपाची कथा तर याच विषयाची आहे. वडील गेल्यावर काका-काकूंनी मालमत्ता बळकावली, आईने मुलाला सूडासाठी मारणविद्या शिकायला धाडले, आणि काकाच्या घरी लग्न चालू असताना घर कोसळून ३५ जण मेले, असे १४८८ मध्ये लिहिलेले त्याचे चरित्र सांगते. भाऊबंदकी, जमीन, आईचा संताप : ही कथा आपल्या कोणत्याही तालुक्यात घडू शकते. त्या विद्येचा मिलारेपाला पुढे अभिमान वाटला नाही. आयुष्यभराचे ओझे वाटले, आणि ते उतरवायला तो मारपा गुरूंकडे दगड वाहून घरे बांधत आणि पाडत राहिला. आपल्यापैकी अनेक जण परदेशात सिंहली किंवा थाई विहारात जातात. तिथल्या भन्तेंचा आदर ठेवा, पण विहाराच्या आवारात जे काही दिसते ते सगळे बुद्धवचन नसते, हे मुलांना सांगा.

आता धाग्याचा प्रश्न. परित्ताच्या सुत्तांत धागा नाही, तांब्याही नाही. ती पुढे आलेली रीत आहे. सर्वांच्या हातातून फिरणारा धागा ऐकणाऱ्यांना एका सूत्रात बांधतो, एवढाच त्याचा अर्थ. मुलांना एक सोपी कसोटी द्या : धागा तुटला तर भीती वाटते का? वाटत नसेल तर ती मंगल प्रसंगाची आठवण आहे. वाटत असेल तर तो गंडा झाला, बांधणारे भन्तेजी असले तरी.

मोठ्या मुलांच्या वर्गात प्रयोगही करून दाखवता येतात. सुरीला जास्वंदीचे फूल चोळून वाळवा आणि लिंबू कापा, रस लाल निघतो. हळदीच्या पाण्यात चुना घातला की ते लाल होते. नारळाच्या शेंडीत सोडियमचा तुकडा लपवून पाणी शिंपडले की नारळ पेट घेतो (हा शेवटचा फक्त सांगा, करू नका). सापाच्या मांत्रिकाचे यश कुठून येते तेही समजावून सांगा. बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. असे रुग्ण मंत्राविनाही वाचलेच असते, श्रेय मात्र मांत्रिकाला जाते. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे यांचे विष खरेच भिनले असेल तर सरकारी दवाखान्यात मिळणारे प्रतिविष हाच उपाय, आणि मांत्रिकाच्या अंगणात गेलेला एक तास परत येत नाही.

इथवरचे सगळे वाचून कोणी म्हणेल, आम्ही तर इथे दूर राहतो, आमचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो पैशांचा आहे. गावाकडून फोन येतो. भावाचा धंदा बसला, वहिनी अंगात आल्यासारखी करते, म्हैस आटली. कोणी तरी काही तरी केले आहे. बाबा बघतो म्हणतो, पण खर्च आहे. आपण विश्वास ठेवत नाही, तरी आईच्या समाधानासाठी शंभर पौंड किंवा पाचशे दिरहम पाठवून मोकळे होतो. ते पैसे जातात कशाला? कोणाचे तरी नाव काढायला. आणि नाव निघते ते बहुधा विधवेचे, निपुत्रिक जावेचे, शेताच्या बांधावर भांडण असलेल्या चुलतीचे. नंदुरबारच्या सातपुड्यात 'डाकीण' ठरवून बायकांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढले आहे. भारताच्या राष्ट्रीय गुन्हे नोंदीत खुनाच्या कारणांमध्ये जादूटोणा हा वेगळा रकाना आहे. म्हणून या एका फोनवर आपण काय बोलतो याला महत्त्व आहे.

कायदाही आता आपल्या बाजूने आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे ज्याच्या मागे होते तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या हयातीत झाला नाही. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, मग काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. कोणी करणी करतो, भूत लावतो किंवा मंत्राने गुराचे दूध आटवतो असे जाहीर करून त्या व्यक्तीला त्रास देणे या कायद्याने गुन्हा आहे. भूत उतरवायच्या नावाखाली मारणे, मिरचीची धुरी देणे, साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखणे, हेही. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे कैद, आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते. इंग्लंडमध्ये १७३५ च्या कायद्याने चेटकीण शोधणे बंद झाले आणि जादू येते असे भासवणारा गुन्हेगार ठरला. महाराष्ट्राला तिथे पोचायला २०१३ उजाडले. आखातात राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की संयुक्त अरब अमिरातीत जादूटोणा करणे आणि करवून घेणे यावर कडक शिक्षा आहे. गावाहून आणलेले ताईत नि मंत्रलेले लिंबू बॅगेत नकोत.

तर फोन आल्यावर हसू नका आणि आईला अडाणी म्हणू नका. तिची भीती खरी असते, तिचे कारण तेवढे चुकीचे असते. आधी विचारा की कोण आजारी आहे, काय होते, कधीपासून, डॉक्टरला दाखवले का. पैसे द्यायचेच असतील तर दवाखान्याच्या खात्यावर थेट भरा. वहिनीच्या अंगात येत असेल, ती झोपत नसेल, एकटीच बोलत असेल, तर भारतात १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक आहे. तिथे मराठीतून बोलता येते आणि पैसे लागत नाहीत. कोणावर संशय घेतला आहे हे स्पष्ट विचारा. नाव सांगितले तर त्याच दिवशी त्या बाईला फोन लावा, ख्यालीखुशाली विचारा आणि आपण विचारल्याचे घरच्यांनाही कळू द्या. परदेशातल्या मुलाने जिची चौकशी केली तिच्या अंगावर हात टाकताना माणसे दोनदा विचार करतात. खन्धपरित्तातली मैत्री जी सापाच्या कुळांपर्यंत जाते, ती चुलतीपर्यंत अशा रीतीने पोचते.

पुढच्या अभ्यासवर्गाला येताना सीवकसुत्त आणि केवट्टसुत्त वाचून या. मुलांनाही आणा, आणि त्यांना लिंबू-जास्वंदीचा प्रयोग करायला सांगा. सामान विहारात ठेवलेले असेल.